उलट्या गावातली साक्ष

आमच्या भागात लेकरू अटीची भाषा मारातून शिकतं. "आवाज केला तर तंगडं मोडीन." "शेळी सोडली तर सालटं काढीन." "आता जर रडली ना, तर अजून एक ठेवून देईन." मी अंगणवाडी सेविका आहे, माझ्या कानावर हे दिवसभर पडतं. ज्याला स्वतःचं नाक पुसता येत नाही असं तीन वर्षांचं पोट्टं शेजारच्या पोट्टीला दगड दाखवून म्हणतं, "माह्या खाऊले हात लावला तर डोकं फोडीन." बोलणं एकदम पक्कं. काय केल्यावर काय होईल हे त्याला चांगलं समजलेलं असतं. आणि बरेचदा ते खरंच फोडतं. मग मी त्याच्या पाठीत धपाटा घालते आणि माझ्याच तोंडून निघतं, "पुन्हा असं केलं तर पाय!" म्हणजे पाहून घे मग. घ्या. शिकवणारी मी, आणि शिकवलं काय, तर हेच.

पुढचं त्यांना असं फुकटात कळतं. मागचं मात्र कोणी शिकवत नाही. झालं ते झालंच नसतं तर काय झालं असतं, हे विचारायला जरा शांत बसावं लागतं, आणि आमच्या गावात शांत बसतो तो फक्त मार खाल्लेला माणूस.

आमचं गाव दुसरबीड आणि साखरखेर्ड्याच्या मधलं. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मला दोन भाऊ. थोरला तो दादा, धाकट्याला सगळं गाव लहाना म्हणतं, आणि मी मधली. आमचा बाप बैल हाकायच्या तुतारीनं मारायचा, टोकाला लोखंडी आर असलेल्या. त्या तुतारीखाली दादा मारायला शिकला, लहाना पळायला शिकला आणि मी वरडायला शिकले. बाप गेल्यावर वावराचे दोन हिस्से झाले, विहीर एकच राहिली. पंचांनी ती सामाईक ठेवली, मोटारीच्या पाळ्या ठरवून दिल्या आणि विहिरीला कठडा दोघांनी मिळून बांधा म्हणून सांगितलं. विटा आधी कोणी आणायच्या यावरून दोघांची गचांडी धरायची वेळ आली. कठडा राहिला तो राहिलाच.

दादाला एकच पोरगी. ती माझ्याच अंगणवाडीत यायची, पण तिथं मी तिची आत्या नव्हते, बाई होते. हे तिनं स्वतःच ठरवलं होतं. घरी आत्या, तिथं बाई. कधी चुकली नाही.

लेकरांना 'समजा' म्हणलं की ती आधी खूश होतात. समजा हा दगड आंबा आहे, म्हणलं की दगड चोखतात, कोय काढतात, हातसुद्धा चिकट झाला म्हणून पुसतात. पण "समजा कुत्रे उडत असते तर आपण पोळ्या कुठं ठेवल्या असत्या?" असं विचारलं की सगळे एका सुरात, "कुत्रे उडत नाहीत नाऽऽ बाई!" जसं काही मीच बावळट. कितीही डोकं आपटा, कुत्रे उडत नाहीत. एके दिवशी कंटाळून मी म्हणाले, बरं बाप्पा, तुमचं खरं. डोळे मिटा. आता आपण एस्टीत बसलो. आता एस्टी उलट्या गावात आली. इथले कुत्रे उडतात. आता सांगा, पोळ्या कुठं ठेवायच्या? आणि काय सांगू, ज्यांना अजून चड्डीचं बटण लागत नाही ती पोरं भराभर बोलायला लागली. डब्यात. झाकण लावून. वर दगड ठेवून. एक म्हणे, "पोळी नाही, कुत्र्यालेच झाकून ठेवा." गाव बदललं की त्यांची अक्कल चालत होती. खऱ्या गावात बसून ती खोट्यावर बोलायला तयार नव्हती, एवढंच.

मग उलटं गाव हा आमचा रोजचा खेळ झाला. तिथं सूर्य रात्री निघायचा, मास्तर रडायचे. आमच्याकडची लेकरं, त्यामुळे मारामारीही तिथं लवकरच पोचली. "उलट्या गावात माही माय माह्या बापाले बदडते," असं एकानं सांगितलं तेव्हा सगळी पोरं लोळून लोळून हसली. मी पण हसले. घरी गेल्यावर मात्र मला ते हसू गोड लागलं नाही.

झालेली गोष्ट उलटी करून बघणं याहून अवघड. एकदा मांजरीनं खाऊचं दूध पिलं. मी विचारलं, "दूध झाकलं असतं तर मांजरीनं पिलं असतं का?" उत्तर, "पिलं ना बाई. म्या पाह्यलं." झालेलं इतकं घट्ट बसलेलं असतं की हलतच नाही. मग एकदा दोन शेळ्या आत घुसल्या आणि आमचं कढीपत्त्याचं रोप बुडापर्यंत खाऊन गेल्या. मी विचारलं, "एक शेळी बांधलेली असती तर रोप वाचलं असतं का?" आता पोरं तयार झाली होती. सगळी म्हणाली, हाव, वाचलं असतं. दादाची पोरगी तेवढी डोळे मिटून बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "नाही वाचलं असतं. दुसरी होती ना." साडेपाच वर्षांची पोर! मी तिला उचलून तिचा मुका घेतला. त्याच हिवाळ्यात ते झालं.

गहू ओंबीत होता. त्या आठवड्यात दिवसाची लाईट होती आणि पाळी लहान्याची होती. दादानं त्याचा पाईप काढून स्वतःचा जोडला. लहाना वावरात गेला तर त्याची जमीन कोरडी आणि दादाच्या गव्हात फवारे नाचत होते. त्यानं पाईपपाना घेतला आणि विहिरीवर जाऊन दादाचा पाईप खोलायला लागला. तेवढ्यात दादा आला. पुढं काय झालं ते पाहणारं तिथं कोणी नव्हतं. फक्त बापाला भाकरीचा डबा द्यायला निघालेली ही पोरगी.

मी पोचले तेव्हा दादा चिखलात पडलेला होता. कानाच्या मागं डोकं फुटलं होतं आणि रक्त पाण्याच्या दांडातून गव्हात चाललं होतं. डोळे उघडे, तोंड उघडं, पण आवाज नाही. पोरगी बाजूला उभी. डब्याचं झाकण तिच्या हातात, डबा कुठंतरी पडलेला. मी तिला गदागदा हलवलं, "काय झालं वं? काय झालं?" ती म्हणाली, "काकानं मारलं. पान्यानं मारलं." पोलिसांनी विचारलं तेव्हाही तेच म्हणाली. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

जालन्याला दादाचं ऑपरेशन झालं. जगला, पण डावा हात लोंबायला लागला. शर्टाची बटणंसुद्धा वैनी लावते. लहाना स्वतःच ठाण्यात जाऊन बसला होता, काही महिन्यांनी जामिनावर सुटला तेव्हा आधी माझ्या दारात आला. निरा हाडं राहिली होती. म्हणाला, "अक्का, त्यानं मले विहिरीवर लोटून धरलं होतं. म्या मारलं नसतं तर मी मेलो असतो."

मी त्याच्या तोंडावर दार लावलं. का नाही लावणार? जखम मागून होती. दादा म्हणत होता, मी पाईपजवळ वाकलेलो होतो, विहिरीपासून लांब, यानं मागून येऊन घातला. डोकं मागून फुटलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं. आणि तरी, रात्रभर मला लहान्याचं तोंड दिसत राहिलं. दोघंही माझेच. एकाचा हात गेला होता. दुसऱ्याची सगळी जवानी जेलात जाणार की नाही, ते खटला उभा राहीपर्यंत सात वर्षांची होणाऱ्या एका पोरीच्या बोलण्यावर होतं.

वैनीचा भाऊ, म्हणजे पोरीचा मामा, कोर्टकचेऱ्यांत मुरलेला माणूस. साक्षीची तारीख लागली तसा तो येऊन मुक्कामाला बसला. पोरीला समोर बसवून म्हणायचा, "समजा मी वकील आहे." ती हसायची. "तू तर मामा आहेस." "अवं समजा म्हणलं ना! मी वकील. आता सांग, कोणी मारलं?" "मामा, तुले माहीत नाही का?" तो चिडायचा. एका दुपारी त्यानं तिला अशी चपराक मारली की ओठ दातात अडकून फाटला. ती तशीच माझ्या अंगणवाडीत आली, कारण आता शाळेत जात असली तरी पळून यायची जागा तीच होती.

मी खिचडी ढवळत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात पळी होती ती तशीच घेऊन दादाच्या घरी गेले आणि ओसरीवर चहा पीत बसलेल्या त्या माणसाच्या खांद्यावर घातली. गरम खिचडी त्याच्या मानेवर गेली. तो उठला तशी दुसरी घातली. "लेकराले पुन्हा हात लावशील तर हात उखडून हातात देईन!" म्हणाले. दादा खाटेवरून बघत होता. उजवा हात धडधाकट असूनही तो उठला नाही. मी पोरीचे कपडे पिशवीत भरले आणि तिला माझ्या घरी घेऊन आले.

मामानं त्यावरही तोड काढली. दाराच्या बाहेर उभा राहून, मला दिसेल असा, हात जोडून तिला म्हणाला, "बेटा, काही खोटं नको सांगू. तीनच गोष्टी सांग. काकानं मारलं, पान्यानं मारलं, डोक्यात मारलं. विचारलं तेवढंच बोल. बाकी माहीत नाही म्हण." यात मला काही खोट दिसेना. तिन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. दादानं फक्त एक वाक्य निरोपात पाठवलं होतं. जास्त बोलली तर पाय.

बुलढाण्याला आम्ही सकाळच्या एस्टीनं गेलो. पोरगी खिडकीत बसून तीन गोष्टी पुटपुटत होती. कोर्टात लहाना एका कोपऱ्यात उभा होता, दाढी वाढलेली. तिनं त्याला बघून हात वर केला आणि मग मामाकडे बघून खाली घेतला.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी तिला जवळ बोलावलं, चॉकलेट दिलं, नाव-गाव, शाळा, मैत्रिणी विचारल्या. मग म्हणाल्या, "बाळ, खोटं बोललं तर काय होतं?"

"मार बसते."

"आणि खरं बोललं तर?"

मागं वळून आमच्या सगळ्यांकडे तिनं एकदा बघितलं. "तरी बसते," म्हणाली. कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि मामाला बाकावरून उठवून शेवटच्या रांगेत बसायला लावलं.

सरकारी वकिलांनी विचारलं तसं तिनं सांगितलं. काकानं मारलं. पान्यानं मारलं. डोक्यात मारलं. स्वच्छ, मोठ्या आवाजात. मामाच्या चेहऱ्यावर तूप ओतल्यासारखं झालं. लहान्याचा वकील उठला तो पोरगेलाच होता. त्यानं विचारलं, काका कुठं उभा होता? "मोटारीपाशी." पप्पा कुठं होता? "मोटारीपाशी." आधी काय झालं? "माहीत नाही." काही वेगळं सांगायचंय का? "माहीत नाही." जे विचारलं त्याला तेवढंच. तो घामाघूम झाला. कागद चाळले, पाणी प्यायला, आणि बसायच्या आधी, मला वाटतं निव्वळ हताश होऊन, म्हणाला, "बरं बाळ, समजा त्या दिवशी काकाच्या हातात पाना नसताच. मग काय झालं असतं?"

सरकारी वकील तटकन उभे राहिले. असले काल्पनिक प्रश्न साक्षीदाराला विचारता येत नाहीत, आणि ही तर लहान मुलगी. मॅडम म्हणाल्या, "तिला प्रश्न समजतो का ते तरी बघू."

पोरगी म्हणाली, "पण पाना होता."

झालं. कुत्रे उडत नाहीत. वकील बसायला लागला. आणि ती माझ्याकडे वळली. सगळ्या कोर्टासमोर, तिच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "आत्या, हे उलट्या गावातलं विचारून राह्यले का?"

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. दादा बघत होता, लहाना बघत होता. नाही म्हणाले असते, नुसती मान हलवली असती, तरी ते तिथंच संपलं असतं आणि दादाचं सगळं नीट झालं असतं. मी विचार केला असं मी सांगणार नाही. विचार करायची माझी सवयच नाही, आधी तोंड चालतं. "हाव," म्हणाले.

मॅडम माझ्यावर कडाडल्या. "मध्ये बोलायचं नाही! पुन्हा बोललात तर बाहेर काढीन." मी खाली बसले. पण पोरीनं डोळे मिटून घेतले होते.

"मग?" मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "तिथं काकाच्या हातात पाना नाही. काय दिसतं?"

"मग काका पाण्यात."

"पाण्यात का?"

"पप्पानं त्याले धरलं ना गचांडीले. विहिरीवर. काकाचे पाय काठावरून घसरून राह्यले. पप्पा म्हणते, सोडू का? सोडू का बे? काका म्हणते, नको ना दादा. पाना नाही ना हातात. मग पप्पा सोडते." तिनं डोळे उघडले. "मग काका पाण्यात. त्याले पोहता येत नाही."

लहाना कोपऱ्यात तोंड झाकून रडत होता, हुंदके देऊन, लेकरासारखा. आणि मला मुळापासून कळलं की पोरगी कधी खोटं बोललीच नव्हती. कोणी मारलं, कशानं मारलं, कुठं मारलं, सगळ्यांनी हेच विचारलं. मार पडला नसता तर काय झालं असतं, हे विचारायचं कोणाला सुचलंच नव्हतं. पोलिसाला नाही, मामाला नाही, आणि लेकरांना हाच खेळ शिकवणाऱ्या मलाही नाही. मामा मागून उभा राहून वरडायला लागला, पोरीला शिकवलंय, आत्यानं शिकवलंय. त्याला शिपायानं दंडाला धरून बाहेर काढलं.

बाहेर आल्यावर वैनीनं पोरीचे केस धरले. "कोणाची खाते वं तू? कोणाची खाते?" म्हणत तिला फरफटत जीपकडे नेत होती. मामा समोरून हात उगारून आला. मी पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारली, तोंडावर, बुलढाण्याच्या भर रस्त्यावर, वकील-पक्षकार बघत असताना. मग वैनीच्या हातालाही मारली तेव्हा कुठं केस सुटले. केसांची एक बट वैनीच्या मुठीतच राहिली. दादा जीपमध्ये समोर बघत बसला होता. एकदाही त्यानं मान वळवली नाही. आम्ही दोघी एस्टी स्टँडवर चालत आलो आणि येणारी पहिली गाडी धरली.

निकाल लागायला पुढं बराच वेळ गेला. लहाना सुटला. स्वतःचा जीव वाचवायला मारलं असं धरलं कोर्टानं. तो येऊन माझ्या पाया पडला, पोरीला नवा फ्रॉक घेऊन आला. तिनं तो घातला नाही. ती माझ्याच घरी राहत होती. वैनी पुढं पुढं चोरून भेटायला यायची, डोक्याला तेल लावून द्यायची, रडायची. दादा आला नाही. गावात त्याच्याशी कोणी धड बोलत नव्हतं, आणि तोही कोणाशी बोलत नव्हता.

पोरगी जेवेनाशी झाली. आधी वाटलं पोटात जंत असतील, गोळी दिली. मग वाटलं बापाची आठवण येते. शाळेतून आली की भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची, आणि मी मूर्ख, मला वाटायचं पोर थकली. एका संध्याकाळी मी तूर पाखडत होते. ती डोळे मिटूनच म्हणाली, "आत्या, मी हाक मारली नसती तर?"

"कोणती हाक?"

"पप्पाले. मी डबा घेऊन आली तवा जोरात वरडली ना, पप्पा! म्हणून. तर पप्पानं मागं वळून माह्याकडं पाह्यलं. तवाच काकानं मारलं."

माझ्या हातातलं सूप थांबलं. म्हणून जखम मागं होती. म्हणून.

"मी वरडली नसती तर पप्पा वळलाच नसता," ती म्हणाली. एक एक पायरी उतरावी तसं सांगत होती. "वळला नसता तर काकाले मारता आलं नसतं. मग पप्पाचा हात चांगला राह्यला असता." आणि डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "माह्याच्यानंच गेला ना पप्पाचा हात?"

अरे देवा. किती दिवसांपासून ही पोर एकटी त्या गावात जाऊन येत होती! रोज जायची, रोज हाक मारायची नाही, रोज बापाचा हात वाचवायची, आणि डोळे उघडले की इथं बापाचा हात लोंबतोय. मला असा संताप आला की कोणाला मारू कळेना. दादाला, लहान्याला, न बांधलेल्या कठड्याला, माझ्या स्वतःच्या थोबाडाला. मी सांगू शकत होते तिला, बाई, तू अर्ध्यातच थांबलीस, तुझा बाप वळला नसता तर पुढं काय केलं असतं ते बघ. पण मी सांगून काय उपयोग? मी तिथं नव्हते. पुढचं सांगू शकणारा माणूस एकच होता आणि तो दोन गल्ल्यांपलीकडे खाटेवर बसून होता.

मी तिचं मनगट धरलं आणि निघाले. ती "नको आत्या, नको" करत होती. दादाच्या ओसरीवर तिला ढकलून उभी केली. "विचार त्याले. मले विचारलं तसं विचार."

ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "पप्पा, मी हाक मारली नसती तर?"

दादा उठून उभा राहिला. उजवा हात वर आला. मला वाटलं आता मारतो, आणि मारला असता तर मी त्याचा दुसराही हात ठेवला नसता. पण तो हात त्यानं खांबावर टेकवला. गळ्याची शीर उडताना दिसत होती.

"सोडलंच असतं म्या त्याले," तो म्हणाला. "बोटं ढिली केलीच होती."

पोरगी त्याच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. मला माहीत होतं ती कुठं आहे आणि काय मोजते आहे. "मग काका मेला असता," ती म्हणाली.

"हाव."

"मग तुमाले पोलिसांनी नेलं असतं."

"हाव."

"कायमचं?"

त्यानं मान हलवली.

मग एकदम तिनं झेप घेतली आणि बापाला मारायला सुरुवात केली. दोन्ही मुठींनी, पोटावर, मांडीवर, त्या लोंबत्या हातावर, जिथं लागेल तिथं. "मग सांगितलं काऊन नाही मले! काऊन नाही सांगितलं! मी रोज... मी रोज..." पुढचं तिला रडण्यात बोलता येत नव्हतं. दादा खाली बसला, तिचा हात तोंडापर्यंत पोचावा एवढा खाली, आणि तोंड तिच्यासमोर धरलं. ती मारत राहिली. त्याच्या नाकातून रक्त आलं तरी त्यानं तोंड बाजूला केलं नाही की तिला धरलं नाही. वैनी आतून किंचाळत धावत आली.

मी वैनीला दारातच अडवलं आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. "मारू दे तिले," म्हणाले.